कॉलेजचे पहिले वर्ष पोळ्याच्या आत मार्गी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी, यावर जून महिन्यात वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. प्रवेश झाल्यावर काय करावे, यावर मात्र कोणी फारसे लिहीत नाही. यादीत नाव लागले की काम फत्ते, अशीच सगळ्यांची समजूत. आम्ही तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत शिकवणारी, ग्रंथालय आणि कार्यालय सांभाळणारी माणसे आहोत. पहिल्या वर्षाची मुले दरवर्षी त्याच त्या जागी अडकतात आणि ती जागा बहुतेक वेळा अभ्यासाची नसते. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

पहिला घोळ कॅलेंडरचा. आजचे पालक शिकले तेव्हा परीक्षा वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये असे. दिवाळीपर्यंत वावरात हातभार लावायचा, दिवाळीनंतर पुस्तक उघडायचे, हे तेव्हा चालून जाई. आता पहिले सत्र जुलैत सुरू होते आणि त्याची परीक्षा दिवाळीच्या मागोमाग येते. म्हणजे डवरणी, निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीचा पहिला वेचा, हे सगळे याच सत्रात. घटक चाचण्या आणि असाइनमेंटही नेमक्या त्याच आठवड्यांत. दिवाळीनंतर अभ्यासाला लागू म्हणणारा मुलगा जागा होतो तेव्हा हॉल तिकीट आलेले असते. कास्तकाराच्या घरी पोळा ही पक्की तारीख असते. आम्ही मुलांनाही तीच देतो : कागदपत्रे, विषयांची निवड, एसटीचा पास, ग्रंथालयाचे कार्ड, सगळे पोळ्याच्या आत.

हजेरीचा हिशेब घरी मांडून दाखवावा, कारण पालकांना तो कोणी सांगत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक पेपरचे वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तासिका. पहिल्या वर्षातले बरेच पेपर दोन क्रेडिटचे असतात, म्हणजे सत्रभरात फक्त ३० तासिका, आठवड्याला दोन. ७५ टक्के हजेरीसाठी २३ भराव्या लागतात. चुकवायला उरतात सात. सोंगणीचे दोन आठवडे घरी राहिले की चार गेल्या. नाल्याला पूर आला म्हणून गाडी आली नाही, एक-दोन गेल्या. पोळ्याला मामाच्या गावी जाऊन दोन दिवस जास्त राहिले की सात संपल्या. यात मुलगा उनाड होता असे कुठेच नाही, तरी त्याचे नाव कमी हजेरीच्या यादीत लागते. घरचे काम सोडा, असे सांगायचा अधिकार आम्हाला नाही. पण कोणता दिवस सोडायचा हे ठरवता येते. प्रॅक्टिकलचा दिवस कधीच सोडू नये. बॅचचे प्रॅक्टिकल बहुधा आठवड्यातून एकदा असते, द्रावणे आणि साहित्य त्या दिवसापुरते काढलेले असते, ते परत कोणी मांडून देत नाही. थिअरीची तासिका बुडाली तर मित्राच्या वहीतून थोडीफार भरून निघते.

आता कागद. इथे सर्वांत जास्त मुले अडतात, म्हणून जरा सविस्तर.

दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते आधी पाहा. एकीकडे वानखडे, दुसरीकडे वानखेडे. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. एवढ्याशा फरकाने ‘अपार’ आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते तयार होताना अडते. ते खाते नसेल तर मिळवलेली क्रेडिट जमा कुठे करायची, हा प्रश्न निकालाच्या वेळी उभा राहतो. दुरुस्ती आधारमध्ये करावी आणि दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच करावी, कारण पुढचा प्रत्येक दाखला त्या गुणपत्रिकेवर बेतलेला असतो. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. तेव्हा गावात कॅम्प आला म्हणून घाईत काहीतरी लिहून देऊ नये. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, तीही अनेकांची राहिलेली असते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. वडिलांचे जुने सिम रिचार्जअभावी बंद पडलेले असते, ओटीपी त्याच नंबरवर जातो आणि मुलगा सेतू केंद्रावर दिवसभर बसून रिकाम्या हाताने परततो.

मग बँक. शिष्यवृत्तीचा पैसा खाते क्रमांक पाहून येत नाही, आधार ज्या बँकेला थेट लाभासाठी जोडले आहे तिथे जातो. आधार एका वेळी एकाच बँकेला असे जोडलेले राहते, आणि शेवटची संमती ज्या बँकेला दिली ती खरी. सिमकार्ड घेताना दुकानदाराने ‘इथे अंगठा लावा’ म्हटले आणि नकळत पेमेंट बँकेत खाते उघडले गेले, असे पुष्कळदा घडते. पैसे तिथे जमा होतात, घरचे मात्र गावच्या बँकेत पासबुक भरून भरून थकतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की दोन मिनिटांत उलगडा होतो. शाळेत असताना आईवडिलांसोबत उघडलेले अज्ञान मुलाचे खाते अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी केल्याशिवाय चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नेटकॅफेवाल्याचा ई-मेल आणि त्याचाच मोबाइल नंबर देऊ नये. हे ठळक छापले तरी चालेल. त्या दिवशी सोय होते. पण अर्जात त्रुटी निघून तो परत आला की निरोप त्याच्या फोनवर जातो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पासवर्ड कोणालाच आठवत नाही. युजर आयडी आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा, त्या पानाचा फोटो घरच्यांच्या फोनमध्ये ठेवावा. अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे संपले नाही. आधी कॉलेज, मग समाजकल्याण किंवा संबंधित खाते, असा तो पुढे सरकतो. दर पंधरा दिवसांनी लॉग-इन करून स्थिती पाहावी. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली, आणि त्यात चूक कोणाची हे नंतर कोणी विचारत नाही.

उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावा. जुलैत तहसीलमध्ये गर्दी असते, तलाठ्याचा अहवाल मिळायलाच आठ-पंधरा दिवस सहज जातात. अनुसूचित जाती-जमातींच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तर खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख. आपण बसत नाही असे गृहीत धरून अर्जच न करणारी मुले दर वर्षी निघतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. खोली करून राहण्याआधी त्यांचे नियम वाचावेत. आणखी एक नाजूक गोष्ट. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राच्या ६० टक्के वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिच्यात कॉलेजच्या फीचा हिस्साही असतो. ती बियाण्यात किंवा फवारणीत खर्च झाली की फी थकते. अडचण कोणाला नसते? पण पैसा कोणाचा हे घरात आधीच बोललेले बरे.

मुलींच्या बाबतीत एसटीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो बंद होतो, आणि काही घरांत मुलीचे शिक्षण थांबायला एवढेही पुरते. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणून बऱ्याच जणी पास काढतच नाहीत. पण विद्यार्थी मासिक पासात सवलत साधारण दोन-तृतीयांश आहे. जाऊन-येऊन पूर्ण भाडे ६० रुपये असेल तर अर्ध्या तिकिटाने दिवसाला ३० जातात, पासाने २० च्या आसपास. महिनाभर रोज जायचे असेल तर पासच परवडतो. त्यासाठी कॉलेजचे बोनाफाइड लागते. ते पहिल्याच आठवड्यात मागावे.

दुपारची गाडी हे आमच्या वर्गांचे जुने दुखणे. एकची बस चुकली तर थेट साडेचारची, म्हणून शेवटच्या दोन तासिकांना अर्धा वर्ग रिकामा. यावर एकेकट्याने तक्रार करून काही होत नाही. त्या मार्गावरच्या सगळ्या विद्यार्थ्यांची गाववार यादी, सह्या, प्राचार्यांचे पत्र आणि शक्य असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटावे. यादीत आकडा दिसला की वेळ पुढे-मागे करण्याचा विचार तरी होतो. तोवर मधल्या वेळात ग्रंथालयात बसावे, स्टँडवर नको.

विषयांची निवड मित्र पाहून होते, हे आम्हाला माहीत आहे. तरी निदान एवढे व्हावे : मुख्य विषय, गौण विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, यांतला आपला प्रत्येक पेपर कोणता आणि किती क्रेडिटचा, हे एका कागदावर उतरवून वहीत चिकटवावे. दोन क्रेडिटचे पेपर ‘असेच’ समजून सोडले जातात आणि पहिल्या सत्रात मुले तिथेच नापास होतात. परीक्षेचा अर्ज भरताना त्या कागदावरचा विषय कोड अर्जावरच्या कोडशी ताडून पाहावा. चुकीच्या कोडचा अर्ज गेला तर हॉल तिकिटावर भलताच पेपर येतो. ही चूक वेळीच सापडली नाही तर निकालात ‘गैरहजर’. हे दुरुस्त करायला विद्यापीठापर्यंत खेटे घालावे लागतात, आणि अमरावती काही बाजूच्या गावाला नाही.

विज्ञान शाखेबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल नावालाच होतात. बीएस्सीला आलेला मुलगा ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची तोटीची नळी) पहिल्यांदाच हातात धरतो आणि लाजेने विचारत नाही. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) ज्या द्रावणाने भरायचे त्याच द्रावणाने आधी खंगाळायचे. शंकूपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. ते द्रावणाने खंगाळले तर आत चिकटलेले थेंब मोजलेल्या १० मिलिलिटरमध्ये भर घालतात आणि रीडिंग वाढते. ब्युरेटच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. मध्येच तो निघून गेला तर न वापरलेले द्रावणही वापरल्यासारखे दिसते. भरल्यावर नरसाळे काढून ठेवावे, नाहीतर त्यातला थेंब मागाहून पडतो. रंगहीन द्रावणाची पातळी डोळ्याच्या रेषेत धरून खालच्या वक्राशी वाचायची. पोटॅशियम परमँगनेट गडद असल्याने त्याचा खालचा वक्र दिसत नाही, तिथे वरची कड. पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकून पाडू नये, टोक पात्राच्या भिंतीला टेकवले की पुरे. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग थोडा वेळ टिकला की थांबावे. गडद गुलाबी दिसेपर्यंत वाट पाहिली म्हणजे अंत्यबिंदू ओलांडलाच.

भौतिकशास्त्रात व्हर्नियर आणि स्क्रू गेज ही लांबी-जाडी मोजायची साधने वापरण्याआधी शून्य त्रुटी, म्हणजे काही न मोजताच ती दाखवतात तो आकडा, पाहून लिहून ठेवावी. ती न पाहता घेतलेली दहाच्या दहा रीडिंग सारखीच चुकीची येतात, आणि एकसारखी येतात म्हणून मुलाला ती बरोबर वाटतात. जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्यावी. प्रमाणित जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात सर शंभर जर्नल तपासत बसलेले असतात.

भाषेची अडचण खरी आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला वर्गात कळते, घरी गेल्यावर इंग्रजी पुस्तक उलगडत नाही. त्याने प्रत्येक विषयाच्या वहीत मागच्या बाजूने शब्दांची यादी ठेवावी : इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी प्रतिशब्द, आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ. रोज पाच शब्द झाले तरी सत्रात तीनशेच्या वर जातात, आणि एखाद्या पेपरला लागणाऱ्या मुख्य संज्ञा त्याहून फार जास्त नसतात. संकल्पना आधी मराठीतून समजून घ्यायला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो. कला आणि वाणिज्य शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा असेल तर ती संकोच न करता घ्यावी. अर्धवट इंग्रजीत लिहिलेल्या उत्तराला कोणी जास्तीचे गुण देत नाही.

गाइडबद्दल आमचे मत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवे कारण सांगतो. संलग्नित महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून आली. दुकानात मिळणारी कितीतरी गाइडे जुन्याच मजकुराला नवे मुखपृष्ठ लावलेली असतात, घटकांचा क्रम वेगळा, गुणांची विभागणी वेगळी. पाच-दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही यामुळे दिशाभूल करतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या पेपरचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, दोन-तीन पानांचा असतो, झेरॉक्सला दहा रुपयेही लागत नाहीत. शिकवून झालेल्या घटकावर तारीख टाकत जावी. पुस्तक घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका या पानाशी जुळवून पाहावी. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्या आठवड्यात काढणाऱ्याला पाठ्यपुस्तक मिळते. दिवाळीनंतर येणाऱ्याला रिकामे कपाट.

उत्तर लिहिताना वेळ गुणांवर वाटावा. ६० गुणांना तीन तास असतील तर गुणाला तीन मिनिटे. पाच गुणांची टीप पंधरा मिनिटांत संपली पाहिजे. पहिल्या प्रश्नाला पुरवणी जोडून शेवटचे दोन प्रश्न सोडणारा मुलगा हुशार असूनही काठावर राहतो. घरी घड्याळ लावून निदान दोन पेपर पूर्ण लिहून पाहावेत. हात दुखतो हेच आधी कळते, कारण मोबाइलमुळे लिहायची सवय गेली आहे.

एनसीसी करायची असेल तर पहिल्याच वर्षी नाव द्यावे. ‘बी’ प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणानंतर, ‘सी’ तिसऱ्या वर्षानंतर. एक वर्ष उशिरा आलेल्याला पदवीच्या तीन वर्षांत ‘सी’पर्यंत पोचणे अवघड. एनएसएसला थोडी सवड असते : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचे एक शिबिर. दोन्हींत नाव देऊन एकातही न जाणे सर्वांत वाईट.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे सोळाशे मीटर पळून आठच्या तासिकेला पेंगतात. त्यांना आम्ही रागावत नाही. बारावीवर होणारी ती भरती आहे आणि घरची गरज आम्हाला दिसते. पण तलाठी, पीएसआय यांना पदवीच लागते, हे त्यांनी विसरू नये. पळणे सकाळी, प्रॅक्टिकल दुपारी, आणि सामान्य ज्ञानाचा क्लास आठवड्यातून दोनच संध्याकाळी, एवढी वाटणी जमते. जमलेली मुले आहेत.

निकाल आल्यावर एखादा विषय राहिला तर लपवू नये. पुढच्या सत्रात प्रवेश मिळण्यासाठी किती विषय राहिलेले चालतात याचा नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे, तो कार्यालयात विचारावा. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी असतील तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते, नंतर पुनर्मूल्यांकनही. पण मुदत मोजक्या दिवसांची असते. अंतर्गत गुणांच्या जागी शून्य दिसले तर तो बहुधा मूल्यांकनाचा प्रश्न नसतो, गुण भरायचे राहिलेले असतात. आधी विभागात विचारावे, पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नयेत.

पहिल्या वर्षानंतर सोडले तरी सर्टिफिकेट मिळते, असे कानावर आल्याने काही पालक निश्चिंत असतात. ते आपोआप मिळत नाही. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण हवीत आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. सोडल्यावर तीन वर्षांत परत येता येते आणि पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करावी लागते. घरच्या अडचणीने थांबावेच लागले तर ही वाट मोकळी ठेवूनच थांबावे. नुसते यायचे बंद केले की ती बंद होते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, परीक्षा अर्जाची मुदत आणि विलंब शुल्काची तारीख आपल्या जिल्हा आवृत्तीत पहिल्या पानावर चौकटीत छापावी, तीही मुदतीच्या आठ दिवस आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी. या सूचना आम्ही कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, पण डोंगराकडच्या गावांत दिवसभर रेंज नसते, आणि आली की एकदम दोनशे मेसेज येऊन सूचना खाली जाते. पेपर मात्र सकाळच्या पहिल्या गाडीने पानटपरीवर पोचतो आणि तिथे तो सगळे गाव वाचते.

आपले,
यवतमाळ व वाशीम जिल्ह्यांतील ग्रामीण महाविद्यालयांमधले काही प्राध्यापक, एक ग्रंथपाल आणि एक मुख्य लिपिक